गोकुळाकडे परतलेला गायक

श्रावण वद्य अष्टमीच्या रात्री बाराचा ठोका पडेपर्यंत डोळा लागू द्यावयाचा नाही, असा आमच्या लहानपणी घरचा दंडक होता. गावातील मुरलीधराच्या देवळात नऊ वाजल्यापासून माणसे जमू लागत. पाळणा सोनटक्क्याच्या आणि तगरीच्या फुलांनी मढविलेला असे. सुंठवड्याचा दरवळ सभामंडपापर्यंत येऊन पोहोचलेला असे आणि बाहेर पावसाची रिपरिप चाललेली असे. हरिदासबुवा पूर्वरंग आटोपीत. मग त्यांना हार घालून बुक्का लावण्यासाठी कीर्तनात जो खंड पडतो, तेवढ्या अवकाशात ध्वनिक्षेपकवाला आपल्या जवळची एखादी तबकडी लावून घेई. एका वर्षी त्याने जी तबकडी लावली ती ‘बैजू बावरा’ या बोलपटातील हरिदर्शनाच्या भजनाची होती.

देवळाच्या पंचांपैकी एक वयोवृद्ध गृहस्थ ताडकन उठले. देवाच्या दारात सिनेमाची गाणी वाजावीत, हे त्यांना सहन होण्याजोगे नव्हते. त्यांचा आवाज चढला, ध्वनिक्षेपकवाला गोंधळला आणि त्याचा हात तबकडीकडे गेला. तेवढ्यात बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या, डोळे मिटून क्षणभर कान दिला आणि म्हणाले, “मालकंस आहे. ह्या वेळचाच राग आहे. वाजू द्या.”

बुवांनी त्या गीताचा कर्ता कोण, गायक कोण, चाल कोणाची, हे विचारले नाही. ते त्यांना ठाऊक होते की नव्हते, हे आज सांगता येणार नाही. आम्हांला मात्र पुढे कळले आणि त्यानंतर प्रत्येक गोकुळाष्टमीस त्या गाण्याची आणि त्या चित्रपटाची आठवण झाल्यावाचून राहिलेली नाही. म्हणून आजच्या या पर्वणीस वाचकांना एका जुन्या प्रणयकथेकडे नेण्याचे आम्ही योजिले आहे. ती कथा प्रेमाची आहे, भक्तीची आहे आणि कोणी कोणासाठी काय सोडावे, या प्रश्नाची आहे.

‘बैजू बावरा’ १९५२ साली प्रकाश पिक्चर्स या संस्थेने काढला. दिग्दर्शक विजय भट्ट. देवाधर्माच्या कथा रुपेरी पडद्यावर आणण्यात या गृहस्थांचा हातखंडा होता. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये ज्यांनी तुकोबा साक्षात उभे केले, त्या आपल्या विष्णुपंत पागनीसांना घेऊन त्यांनी १९४० साली ‘नरसी भगत’ काढला. पुढे १९४३ मध्ये त्यांचा ‘रामराज्य’ आला, जो महात्मा गांधींनी पाहिला. पौराणिक आणि संतपटांच्या या वाटेने आलेला दिग्दर्शक जेव्हा एका गवयाची प्रेमकथा सांगावयास बसतो, तेव्हा त्या प्रेमकथेला देवळाची घंटा आपोआपच ऐकू येऊ लागते.

कथा थोडक्यात अशी. अकबराच्या राजधानीत तानसेनाच्या निवासापाशी दुसऱ्या कोणी गाऊ नये, असा हुकूम आहे. बैजूचा पिता, एक साधा भजनी गवई, त्या हुकमापायी पहारेकऱ्यांशी झालेल्या झटापटीत प्राणास मुकतो आणि मरताना पोराकडून सूडाचे वचन घेतो. पोरका बैजू यमुनाकाठच्या एका खेड्यात वाढतो. तेथे नावाड्याची मुलगी गौरी त्याची खेळगडी होते आणि वयाबरोबर त्या खेळाचे प्रेम होते. इतके सुख लाभल्यावर तो पित्याचे वचन जवळजवळ विसरतो. पण दरोडेखोरांच्या टोळीची नायिका रूपमती गावात येते. तिचीही एक अन्यायाची कहाणी आहे. तिच्या निमित्ताने बैजूच्या मनातील राखेखालचा निखारा पुन्हा फुलतो. गौरीला मागे टाकून तो तानसेनाच्या शोधात निघतो.

येथे या चित्रपटातील आमच्या मते सर्वांत सुंदर प्रसंग येतो. हातात तलवार घेऊन बैजू तानसेनाच्या महालात शिरतो. तानसेन गात असतो. ज्याचा गळा कापावयाचा, त्याच गळ्यातून येणारे सूर ऐकून मारेकऱ्याचा हात लुळा पडतो आणि तलवार तानसेनाच्या मानेवर न पडता तंबोऱ्यावर पडते. तानसेन त्याला सांगतो, मला मारावयाचे असेल तर शस्त्राने नव्हे, गाण्याने मार. आणि त्या गाण्यात वेदना असू दे. सूडकथा म्हणून चाललेला चित्रपट तेथून साधनेची कथा होतो.

बैजू गुरूच्या शोधात स्वामी हरिदासांपाशी येतो. स्वामी त्याला आधी सांगतात की मनात द्वेष आहे तोवर गाणे यावयाचे नाही. (कीर्तनकाराला आपण हरिदास म्हणतो आणि वृंदावनातील या महान गायक-साधूचे नावही तेच. आमच्या बुवांनी मालकंसाला दिलेली अनुमती ही त्यामुळे आम्हांला दुहेरी अर्थाची वाटत आली आहे.) एके दिवशी गुरू आजारी पडतात, त्यांना पाऊल टाकवेनासे होते. तेव्हा शिष्य जे भजन गातो, तेच ते मालकंसातील भजन. ते ऐकून गुरू अंथरूण सोडून उठतात आणि चालू लागतात.

मालकंस हा पाचच स्वरांचा राग. रिषभ नाही, पंचम नाही. गांधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल. पंचमाचा आधारच नसल्यामुळे सारा भार मध्यमावर येतो आणि गाणारा जणू अंधारात एकाच खांबाला धरून उभा आहे, असा भास होतो. रात्र पुष्कळ झाल्यावर हा राग गावयाचा असा संकेत आहे. अष्टमीच्या मध्यरात्री कारागृहात जन्मलेल्या देवाची वाट पाहणाऱ्यांसाठी याहून योग्य राग कोणता? संगीतकार नौशाद अली यांनी तो निवडला तेव्हा चित्रपटाच्या प्रसंगाखेरीज दुसरे काही त्यांच्या मनात असेल असे नाही. परंतु गावोगावच्या देवळांनी त्या गाण्याला जी वेळ नेमून दिली, ती अचूक होती.

आता त्या कर्त्यांविषयी. चाल लखनौच्या नौशाद अलींची, शब्द बदायूंच्या शकील यांचे, गळा पंजाबातील कोटला सुलतानसिंग या खेड्यात जन्मलेल्या महंमद रफींचा. तिघेही मुसलमान. सणासुदीच्या पानांवर ही गोष्ट पुष्कळदा लिहिली जाते आणि तिच्यावरून धर्माधर्मांच्या ऐक्यावर चार परिच्छेद खर्ची पडतात. त्यात खोटे काही नाही. परंतु आम्हांला असे वाटते की त्यात नवल मानण्याने आपण आपल्याच संगीताचे अज्ञान उघडे करतो. ख्यालाच्या बंदिशी उघडून पाहाव्यात. निम्म्या बंदिशींत तरी कान्हा आहे, पनघट आहे, फुटलेली घागर आहे. आणि त्या पिढ्यान्पिढ्या सांभाळल्या कोणी, तर बहुतांशी खाँसाहेबांनी. आपल्या मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यापाशी हजेरी लावणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांना ब्रजभाषेतील कृष्णगीत परके कधी वाटले नाही. गोकुळाजवळ महावनात ज्याची समाधी आहे, तो रसखान तर कृष्णकवींच्या पहिल्या पंक्तीतला. नौशाद, शकील आणि रफी त्या वहिवाटीच्या रस्त्याने चालले, एवढेच. रस्ता जुनाच होता. आपण तो अलीकडे विसरू लागलो आहोत, ही बाब निराळी.

नौशादांविषयी एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९३७ साली लखनौ सोडून मुंबईस आलेल्या या तरुणाने दादरच्या ब्रॉडवे चित्रपटगृहासमोरील पदपथावर रात्री काढल्या होत्या. त्याच ब्रॉडवेमध्ये ‘बैजू बावरा’ झळकला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. समोरच्या पदपथावरून रस्ता ओलांडून इथवर येण्यास आपल्याला कितीतरी वर्षे लागली, असे ते सांगत. फिल्मफेअरचे पारितोषिक १९५४ साली पहिल्यांदाच देण्यात आले. त्या वेळी संगीताचा पहिला मान याच चित्रपटासाठी नौशादांना मिळाला आणि श्रेष्ठ अभिनेत्रीचा पहिला मान गौरीच्या भूमिकेसाठी मीनाकुमारीस. तिला लहान वयात पडद्यावर आणणारेही विजय भट्टच.

मराठी रसिकांचा या चित्रपटाशी एक खास ऋणानुबंध आहे. अकबराच्या दरबारात तानसेन आणि बैजू यांची जी जुगलबंदी होते, तिच्यात तानसेनाच्या मुखी उस्ताद अमीर खाँ आहेत आणि बैजूच्या मुखी दत्तात्रेय विष्णू पलुसकर. राग देशी. गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकरांचा हा पुत्र. ज्या पित्याने १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि उत्तरायुष्य रामनामास वाहिले, तो पिता बापूरावांच्या दहाव्या वर्षीच निवर्तला. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास या पितृशिष्यांनी त्यांना घडविले. त्यांच्या स्वच्छ, निष्कपट स्वरातील भजने ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना बैजूसाठी हाच आवाज का निवडला गेला हे सांगावे लागणार नाही. अमीर खाँसाहेबांचा खर्जातला, आत उतरत जाणारा भारदस्त सूर म्हणजे दरबार. आणि पलुसकरांचा मोकळा, उजेडासारखा सूर म्हणजे नदीकाठचे देऊळ. कथेनुसार दुसऱ्याने पहिल्यावर मात करावयाची होती. दोघांनी ती इतक्या प्रेमाने आणि समजुतीने निभावली की ऐकताना हार कोणाची आणि जीत कोणाची याचा विसर पडतो. चित्रपट आल्यानंतर तीनच वर्षांनी, १९५५ च्या ऑक्टोबरात, पलुसकर गेले. वय अवघे चौतीस. अमीर खाँसाहेब १९७४ पर्यंत होते.

इतिहासाच्या अभ्यासकांना हा सामना मान्य होण्यासारखा नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. बैजूचे नाव ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमराशी जोडले जाते आणि त्या राजाची कारकीर्द १५१६ साली संपली. तानसेन अकबराच्या दरबारी आला तो १५६२ मध्ये. दोघांची गाठ पडली असेलच, तर ती संगमरवर वितळविण्यासाठी खासच नव्हे. होय, चित्रपटात बैजूच्या गाण्याने संगमरवराची शिळा वितळते. तो देखावा आज पाहावयास बसल्यास हसू येण्याचा संभव आहे. नायक भारतभूषण यांचा चेहराही पुष्कळ ठिकाणी त्या शिळेहून कमी वितळतो, असे म्हटल्यास त्यांच्या चाहत्यांनी रागावू नये. परंतु आख्यायिकेला इतिहासाच्या चौकटीत बसविण्याचा अट्टहास आम्ही करीत नाही. ज्ञानोबांनी चालविलेल्या भिंतीचे वजन कोणी केले आहे?

आमची खरी अडचण दुसरीच आहे, आणि ती गौरीविषयी आहे. गुरू सांगतात की खरा गवई होण्यासाठी खरे दुःख भोगावे लागते. गौरी ते ऐकते आणि ठरविते की बैजूला ते दुःख आपणच द्यावयाचे. ती विषारी सापाकडून स्वतःला दंश करवून घेते. तिचा निश्चेष्ट देह पाहून बैजू वेडा होतो, म्हणूनच तो ‘बावरा’; आणि त्या वेडातून त्याचे गाणे सिद्ध होते. चित्रपट याला त्याग म्हणतो. आम्हांला तो शब्द येथे घशाखाली उतरत नाही. पुरुषाच्या कलेला वेदनेची फोडणी हवी म्हणून स्त्रीने जळावे, ही कल्पना आपल्या कथा-कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी फार लाडावून ठेवली आहे. गुरुमहाराजांनी त्या मुलीला एक शब्द विचारला असता तर बरे झाले असते. मीनाकुमारीने ती गौरी अशी काही उभी केली आहे की पाहताना तर्क लुळा पडतो. घरी आल्यावर मात्र प्रश्न पाठ सोडीत नाही.

आणि तरीही या दंशानंतरच या चित्रपटातील भक्ती खऱ्या अर्थाने सुरू होते. गौरी मेली असे समजून बैजू शंकराच्या देवळात जातो आणि देवाला जाब विचारतो. तेही गीत रफींचेच. राग दरबारी, म्हणजे परंपरेने ज्याचे जनकत्व प्रत्यक्ष तानसेनाकडे जाते तो राग. सूडाच्या भरात निघालेला मुलगा आपले सर्वांत मोठे दुःख शत्रूच्या रागातून गातो, हे नौशादांनी जाणूनबुजून केले की अजाणता, कोण सांगणार? त्या गाण्यात विनवणी नाही, भांडण आहे. तू जगाचा राखणदार म्हणवितोस, मग माझे का राखले नाहीस, असा त्याचा सूर. पंढरीच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला हे भांडण परके नाही. नामदेवाने नैवेद्यासाठी विठोबापुढे हट्ट धरला. जनाबाईने तर त्याला नाही नाही ते सुनावले आणि तो विठोबा निमूटपणे तिच्याबरोबर दळावयास बसला. पडद्यावर शिवमूर्तीच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतात. तंत्राच्या दृष्टीने ती साधीच युक्ती आहे. पण प्रेक्षागृहात त्या वेळी हात जोडले जात, हे आम्ही पाहिलेले आहे.

गौरी प्रत्यक्षात वाचते. बैजू दरबारात जिंकतो, आणि जिंकल्यावर तानसेनाचे प्राण मागून घेतो. पित्याला दिलेले वचन तो अशा रीतीने पाळतो की त्यातील विष निघून जाते. अकबराला वाटते, याने आता दरबारी राहावे. बैजू राहत नाही. तो गावाकडे निघतो.

या परतण्याविषयी आम्ही जो विचार मांडणार आहोत, तो आमचा नाही. आमच्या आजीचा आहे. जत्रेतील तंबूत ‘बैजू बावरा’ लागला होता आणि आजी आम्हांला घेऊन गेली होती. तिने आयुष्यात तीन की चार बोलपट पाहिले असतील. हिंदी तिला अर्धेमुर्धे कळे. गौरीच्या तोंडी लता मंगेशकरांचे एक विरहगीत आहे. त्यात ती आपल्याला विसरलेल्या प्रियकराला सावळा म्हणून हाक मारते. तो शब्द कानी पडताच आजी ताठ बसली. तिच्या लेखी मग ती बैजूची गोष्ट उरलीच नाही. यमुनेचा काठ, मागे राहिलेली मुलगी, थोरल्या कामासाठी नगरात निघून गेलेला गाणारा मुलगा. अक्रूर रथ घेऊन आला आणि कान्हा मथुरेस गेला, तीच ही कथा. मध्यंतरात ती शेजारणीला म्हणाली, “आता हा काही यायचा नाही. मथुरेला गेलेला कधी आला आहे का?”

भागवत ऐकून ज्यांचे कान तयार झाले होते, त्या बाईचा हा निकाल होता. कृष्णाने कंस मारिला, राज्ये उभारली, गीता सांगितली. गोकुळात मात्र तो पुन्हा नांदावयास आला नाही. उद्धवाला पाठविले. गोपींनी त्या बिचाऱ्या ज्ञानी माणसाची जी दशा केली, ती कीर्तनांतून आपण ऐकतोच. गवळणींचा सारा विरह, आपल्या मराठी संतांच्या विराण्यांसह, या एका न परतण्यावर उभा आहे.

म्हणून बैजू जेव्हा दरबाराकडे पाठ फिरवून चालू लागला, तेव्हा आजीने आमचा हात घट्ट धरला. इतका की तिच्या पाटल्या आमच्या मनगटात रुतल्या. “आला गं बाई, हा आला,” असे ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली.

पुढचे वाचकांना ठाऊक असेल. यमुनेला पूर आलेला असतो. पलीकडे गौरीचे दुसरीकडे लग्न ठरलेले असते. बैजू पुरात सापडतो, त्याला वाचविण्यासाठी गौरी पाण्यात उडी घेते आणि दोघेही एकमेकांना धरून त्या पाण्यात दिसेनासे होतात. तंबूतील दिवे लागले. लोक नाक ओढीत, घोंगड्या सावरीत उठू लागले. आजी जागची हलली नाही.

परतताना बैलगाडीत ती बराच वेळ गप्प होती. पावसाळा संपला होता, चांदणे स्वच्छ होते, गाडीखाली टांगलेला कंदील हेलकावे खात होता. गावाची शीव आली तेव्हा ती बोलली. पण आमच्याशी नव्हे, समोर पाहत.

“वसुदेव टोपली घेऊन आला तेव्हा दुभंगली होती की ही यमुना. मग यांनाच वाट द्यायला तिला काय झाले होते?”

गाडीवानाने बैलांना हाकारले. गाडीत आम्ही पाच-सहा जण होतो. कोणी काही बोलले नाही.